नऊ बायांचे एकच तोंड

॥ श्री ॥

मौजे चिंचखेड, तिवस्यापासून तीन कोस,
जि. उमरावती
माघ शुद्ध एकादशी, शके १८५९

राजमान्य सूर्यभानजी, मुक्काम अकोला, यांस वामनरावाचा घरच्या सर्वांसह रामराम.

तुमचा गुडघा आणि कापसाच्या जिनातल्या धुळीने लागलेला खोकला यांपैकी कोण जिंकले ते कळवावे. इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक आहे. संत्र्याचा बहार बरा आहे, माकडे त्याहून बरी आहेत. तुमच्या भाचीचे, वच्छलाचे, वरूडकरांकडे जुळत आले असून सुपारी फुटायची तेवढी बाकी आहे. तुमच्या बहिणीची, शकुनची, प्रकृती ठणठणीत. (डाव्या गालाच्या आत एक फोड आहे. दिवाळीत दही आंबट निघाले त्याचा तो आला, तो अजून आहे. भाकर चावताना जरा त्रास होतो, बाकी काही नाही.)

पत्रास कारण की ही ठणठणीत बाई हट्टाला पेटली आहे. तिला नागपूरच्या मोठ्या इस्पितळात जायचे आहे. स्वतःसाठी नव्हे, शेजारच्या जमुनाच्या सोबतीला! दोन दिवस आमच्याशी बोलणे बंद आहे. तुम्ही वडील भाऊ. तुमची अक्षरे ती देव्हाऱ्यात ठेवते, माझी चुलीत घालते. तेव्हा तिला चार खरमरीत ओळी लिहाव्यात की नवऱ्याचे ऐक. पण नुसते एवढे लिहिले तर तुम्ही मलाच दोष द्याल, म्हणून सरकारने आमच्या गावावर जो डॉक्टर सोडला त्याची हकीकत आधी सांगतो.

पौषात एक सरकारी मोटार गावात आली. आत डॉक्टर ओमप्रकाश नावाचा जबलपूरकडचा तरुण गृहस्थ, माणिकबाई नावाची उमरावतीची नर्स आणि पेटीच्या आकाराचे तीन डबे. डॉक्टराने चावडीवर लोक जमवून हिंदीत सांगितले की वऱ्हाडातल्या लोकांना गालात, जिभेत कर्करोग (म्हणजे आपण ज्याला नासूर म्हणतो तो) किती होतो, कोणाला होतो आणि का होतो, याची सरकारला चौकशी करायची आहे. ज्यांना होतो त्यांतले औषध केलेले किती जगतात आणि न केलेले किती, हेही पाच वर्षांनी परत येऊन मोजायचे आहे. पाच वर्षांनी! आम्ही पेरले की चार महिन्यांत काय ते कळते आणि सावकारालाही कळते. ह्या गृहस्थाचे पीक पाच वर्षांनी, आणि ते येईपर्यंत पगार चालू. मी हे तिथेच बोलून दाखवले. तो नुसता हसला. शिकलेल्या माणसांचे हे हसणे मला मुळीच आवडत नाही, त्यात उत्तर नसते.

पुढचा शहाणपणा ऐका. सगळे गाव तपासायचे नाही, यादीतले दर पाचवे घर घ्यायचे. आमच्या नत्थुजीने विचारले, "मंग बाकीच्या चार घरायले रोग होतच नाई काय?" त्यावर डॉक्टराने शितावरून भाताची परीक्षा ही म्हण हिंदीत करून सांगितली. म्हण तांदूळ खाणाऱ्यांची. आमच्याकडे भाकर असते. पहिली टम्म फुगली म्हणून दुसरी करपणार नाही, असे कोणत्या बाईने लिहून दिले आहे? पण सरकारचा रोग पाच घरे मोजत चालतो, त्याला कोण काय करणार.

मी तालुका बोर्डाचा माजी सभासद, आणि गावात इंग्रजी तिसरी झालेला एकटाच. त्यामुळे नोंदवहीचे काम माझ्याकडे आले. (मागितले नव्हते. नको म्हटले असते तर पाटलाच्या जावयाकडे गेले असते, आणि तो आपली सही उलटी करतो.) प्रश्न काय होते म्हणता? तंबाखू खाता का? चुना लावून की नुसती? दिवसातून किती वेळा? कोणत्या गालात ठेवता? झोपताना थुंकता की तशीच ठेवून झोपता? असे एकूण बत्तीस प्रश्न, बहुतेक दाताला एक या हिशेबाने. आमच्या लोकांनी आयुष्यात आपला कोणता गाल कोणत्या कामाचा याचा विचार केला नव्हता. आमचा देवीदास तर पाच मिनिटे दोन्ही गाल फुगवून बसला आणि शेवटी म्हणाला, "लिहा साहेब, येता उजवा, जाता डावा." मी तसे लिहिले.

शिवाय डॉक्टर ज्या घरी जाई तिथे त्याच्यापुढे आधी चंची येई. येणारच. दारी आलेल्या माणसापुढे तंबाखू न धरणे म्हणजे त्याला उंबऱ्यावरून परतवून लावणे. हा गृहस्थ हात जोडून नको म्हणे, आणि लगेच विचारी की तुम्ही किती खाता. म्हणजे आमची खायची नाही, पण आमची मोजायची! तिसऱ्या घरी म्हातारे इतके रागावले की उरलेल्या प्रश्नांना त्यांनी एकच उत्तर दिले, "नाई." नाव विचारले तरी नाई. शेवटी मी समजावल्यावर डॉक्टराने एक सुपारीचे खांड तोंडात धरले आणि तेच खांड दिवसभर पुढच्या अकरा घरांत मिरवले. पुरुषांची तपासणी अशी पार पडली.

खरा प्रश्न बायांचा होता. यादीतून तिशीवरच्या दहा बाया निघाल्या. त्यांत शकुन, नत्थुजीची जमुना आणि पासष्टीची पार्वताबाई, शिवाय इतर सात. त्यांना डॉक्टर नव्हे, माणिकबाई तपासणार होती, आमच्याच ओसरीवर जाजमाचा पडदा लावून. पण बायांनी चक्क नकार दिला. गावात बोलवा अशी उठली होती की ज्याच्या तोंडात काही सापडेल त्याला त्याच मोटारीत घालून नागपूरला नेतात आणि तापलेल्या सुईने गाल जाळतात. नवऱ्यांचाही नकार होता. ज्या बाईने सासऱ्यापुढे कधी मान वर केली नाही तिने परक्या बाईपुढे कंदिलाच्या उजेडात आ करायचा? आणि आता तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, माझाही होता. वरूडकर जपून पावले टाकणारी माणसे. मुलीच्या आईच्या नावापुढे सरकारी वहीत काही लिहिले गेले आणि ते त्यांच्या कानी गेले, तर सुपारी अख्खीच राहील. आंबट दह्याच्या एका फोडासाठी पोरीचे लग्न मोडायचे का? तुम्हीच सांगा.

तेव्हा आम्ही आपल्या गावच्या जुन्या रीतीने तोड काढली. सरकारी बोलावणे आले की घरातला नव्हे, गावातला जो मोकळा असेल तो जातो आणि ज्याचे नाव पुकारले त्याच्या नावाने हाजीर म्हणतो. हे माझ्या आज्यापासून चालत आले आहे. तहसीलदाराला डोकी हवी असतात, ती मिळतात. पटकीची सुई आली त्या साली देवीदासाने तीन घरांच्या वतीने तीन सुया घेतल्या आणि चार दिवस अंथरुणात कण्हत पडला. पण त्या तिन्ही घरांत एकालाही पटकी झाली नाही, यावरून ती सुई किती गुणकारी होती ते दिसतेच.

या वेळी देवीदास चालण्यासारखा नव्हता, म्हणून जमुना निघाली. ही बाई तुम्ही पाहिली आहे. ऊस दातांनी सोलते, मोटेच्या नाड्याची ओली गाठ दातांनी सोडते आणि नत्थुजीशीही त्याच दातांनी बोलते. तिच्या तोंडात रोग शिरला तर चावून बाहेर फेकला जाईल. ती म्हणाली, "माह्यं काय जाते? नऊ खेपा आ करतो." (आमच्या भागातल्या बाया स्वतःला करतो, जातो म्हणतात हे अकोल्यात राहून तुम्ही विसरला नसाल.) दर खेपेस निराळे लुगडे, पदर नाकापर्यंत, आणि मागल्या दाराने आत येऊन पुन्हा मागल्या दाराने बाहेर. मी ओसरीबाहेर वही घेऊन नाव पुकारायचे, आतून "हो" आले की माणिकबाई सांगेल ते लिहायचे. शकुन आत चहा करायला होतीच.

सूर्यभानजी, असा तमाशा मी बोर्डाच्या निवडणुकीतही पाहिला नाही. पहिली निरोगी. दुसरी निरोगी. तिसऱ्या खेपेस मी "शकुन" पुकारले आणि माझ्याच बायकोच्या नावापुढे माझ्याच हाताने निरोगी लिहिले, अगदी सुवाच्य अक्षरात. सहावी पार्वताबाई. बिचारी त्या वेळी वाड्यामागे दातांशिवाय कण्या खात बसली होती, आणि इकडे तिच्या नावाने बत्तीसच्या बत्तीस दात निघाले! डॉक्टराला राहवले नाही. तो पडद्याबाहेर उभा राहून म्हणाला, माताजी, तुमच्यासारखी बाई सगळ्या प्रांतात नाही. आतून जमुना म्हातारीसारखी खोकली. नऊ खेपा झाल्यावर त्याने माझी वही पाहिली. नवांपैकी आठजणी तंबाखू किंवा मिश्रीवाल्या, तोंडे मात्र आरशासारखी, आणि सगळ्यांचा वरचा एक दात किंचित पुढे आलेला. एखाद्या साध्या कोतवालालाही संशय आला असता. पण हा पडला विद्वान! त्याने तर्क काढला की सगळे गाव एका रक्ताचे असावे आणि आमच्या विहिरीच्या पाण्यात काही गुण असावा. विहिरीचे पाणी दोन बाटल्यांत भरून, वर लाख लावून, तो नागपूरला घेऊन गेला. त्याच विहिरीत गेल्या वैशाखात म्हैस पडली होती, हे मी सांगितले नाही. विचारले नव्हते.

शेवटी मी दहावे नाव पुकारले, जमुना. आता ती स्वतःच्याच नावाने बसणार, म्हणून मी वही मिटायच्या तयारीत होतो. पण या खेपेला फार वेळ लागला. आत हसणे नाही, नुसती कुजबुज. (नऊ वेळा आ करून जबडा दुखला असेल, असे मी समजलो.) माणिकबाईने डॉक्टराला आत बोलावले, दुसरा कंदील मागितला आणि शेवटी ती बाहेर येऊन मला म्हणाली, "हे मी लिहिते," आणि माझ्या हातातून वही घेतली. मला राग आला. माझे अक्षर तिच्याहून चांगले आहे.

बारा दिवसांनी नागपूरहून जमुनाच्या नावाने पत्र आले. इंग्रजीत होते म्हणून वाचायला मला बोलावले. नत्थुजीच्या अंगणात अर्धे गाव जमले. मजकूर असा की नत्थुजीची बायको जमुना हिच्या डाव्या गालाच्या आत जुनी जखम आहे, कडा घट्ट आहेत, लक्षण चांगले नाही. महिन्याच्या आत यावे, म्हणजे शस्त्राने आणि रेडियमने इलाज करता येईल. वेळेवर आल्यास आशा आहे, उशीर झाल्यास नाही. खर्च सरकारचा. (डावाच गाल का, ते डॉक्टरच जाणे.)

मी तर पोट धरून हसलो. अहो, नऊ आजारी, वयस्क, दात पडलेल्या बायांना यांनी निरोगी ठरवले, आणि गावात जे एकमेव धडधाकट तोंड होते त्याला नासूर! हे यांचे शास्त्र, ही यांची मोटार, हे यांचे कंदील. असले शास्त्र आमच्या देवीदासाने दारू पिऊन केले असते. नत्थुजी मात्र भोळा, रडायला लागला. आणि जमुना? तिने पत्र घडी करून कमरेला खोचले आणि शांतपणे म्हणाली, "जातो ना मी नागपूरले. शकुनवहिनीले संगं घेऊन जातो." मी म्हटले, अगं, तुझ्या गालात सुपारीशिवाय काही नाही. ती म्हणाली, "तुमाले काय माहीत भाऊजी, कोणाच्या गालात काय हाये ते." असे उद्धट बोलणे.

घरी आलो तर शकुनने उशीर झाल्यास आशा नाही, हे वाक्य पुन्हा मराठीत सांगायला लावले. सांगितले. पुन्हा विचारले. पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी चिडलो. दुसऱ्याच्या बायकोचा रोग आपण पाठ करून काय करायचे? तेव्हापासून हिचे एकच पालुपद, मी जमुनासंगं जातो. मी विचारतो, बागेला पाणी कोण देईल? वरूडकर कोणत्याही दिवशी येतील, त्यांना वच्छलाने एकटीने चहा द्यायचा? आणि त्या इस्पितळाच्या पायरीवर वरूडचा एखादा दलाल भेटला, तर संत्र्याच्या पेट्यांबरोबर ही बातमीही पोचेल. ती नुसती गालाला हात लावून बसते, आणि हल्ली मुगाच्या पाण्याशिवाय काही घेत नाही. हा रुसवा बरे, दुसरे काही नाही.

तरी वडीलकीने तिला दोन शब्द लिहावेत, जरा कडकच. लोभ आहेच, तो वाढवायची गरज नाही.

आपला,
वामनराव

ता. क. : तिवस्याच्या मोटारीवाल्याबरोबर संत्र्यांची टोपली पाठवली आहे. वरची चांगली आहेत.

ता. क. : अकोल्यात तोंडाच्या विकारावर कोणी जुना जाणता वैद्य असल्यास सहज विचारून ठेवावे. कोणासाठी ते सांगू नये. तुम्हीही विचारू नये. तीन महिन्यांवर टिकणारा फोड दह्याचा असू शकतो का, एवढेच त्याला विचारावे.

ता. क. : नेहमीप्रमाणे खालचा भाग तुमच्या बहिणीसाठी कोरा सोडला आहे. तुमचे कुशल विचारील.

दादाले शकुनचा नमस्कार.

दादा, जमुनाचं तोंड चांगलं हाये. तिच्या नावानं मीच आ केला. माणिकबाईले तिसऱ्या खेपेलेच समजलं होतं. ती कोणाले रागावली नाई. नऊ खेपा झाल्यावर म्हणे, बायांनो, आता जिचं खरंच दुखते तिले बसवा. मंग मी बसली. तिनं आरसा धरून मले बी दाखवलं. दादा, मी लई भेली. माह्यं नाव लिवू नका म्हटलं, पोरीचं लगन हाये. म्हणून तिनं जमुनाचंच ठेवलं. मले वाटलं लगन होऊ द्यावं, मंग पाहू. पण पत्रात महिना लिवला हाये, त्यातले नऊ दिवस गेले. तू ये अन् मले ने. वच्छलाच्या बाबायले रागावू नको. यायले सारं समजते. सकाळी मी उठायच्या आधी उठून भाकरीचे काठ काढून दुधात कुस्करून ठेवतात, अन् मले म्हणतात मांजरीसाठी ठेवली होती, तूच खाऊन टाक. आपल्या घरी मांजर नाई.

ता. क. : पाकीट चिकटवताना वरचा मजकूर वाचला. दुसऱ्यांच्या ओळी वाचणे माझ्या स्वभावात नाही, पण वाचल्या.

कडक पत्र लिहू नये. कोणतेच लिहू नये. पोचायला तीन दिवस लागतात म्हणून हे पाकीट टपालात न टाकता मोटारीवाल्याच्या हाती देत आहे, तो बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीतल्या ओळखीच्या माणसाला देईल. तुम्ही परवा अकोल्याहून नागपूरच्या गाडीत बसावे. आम्ही चांदूरच्या स्टेशनावर चढू. जमुना वच्छलाजवळ राहील. वरूडकरांना मी आत्ताच चिठ्ठी लिहिली. मुलीची आई आजारी आहे, इलाजाला नेतो आहे, पटले तर सुपारी फोडा, नाही तर तुमची सुपारी तुम्हाला लखलाभ. खरे तर शेवटचे वाक्य जरा सौम्य होते.

डॉक्टरापुढे मी स्वतः जाईन. नऊ बाया खोट्या, नऊ वेळा मी निरोगी लिहिले, त्यांत एक माझी. तुरुंगात घालायचे तर घाला, पण त्याआधी हिला शकुन म्हणून पुन्हा तपासा, आणि पार्वताबाईसह बाकीच्या सगळ्यांनाही. तो गृहस्थ हसला तर या वेळी मी काही बोलणार नाही.

सूर्यभानजी, मी फार भ्यालो आहे. दिवाळीपासून भ्यालो आहे. गाडीत तुम्ही तिच्या समोर बसावे, म्हणजे मला शेजारी बसता येईल. समोर बसून माझ्याने तिच्याकडे पाहवत नाही.